उघड्या तारा

भोंगा हे काही मुलीचं नाव नव्हे, हे घरात सगळ्यांनाच मान्य होतं. पण काकांनी ते ठेवलं तेव्हा ती जेमतेम महिन्याची होती, आणि तिच्या रडण्यापायी समोरच्या घरातल्यांनी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतल्या होत्या. काकांच्या तोंडून निघालेलं नाव म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. आई चिडली, काकू रुसली, शाळेच्या दाखल्यावर छानसं दुसरं नाव लागलं, पण ते बिचारं दाखल्यावरच राहिलं.

बरीच वर्षं तिला या नावाची लाजच वाटायची. मोठा आवाज ही काय मिरवायची गोष्ट आहे? वर्गात कुणीही कुजबुजलं तरी शिक्षक आधी तिच्याकडे बघायचे. मग एका रविवारी चर्चमधली गाणारी ताई आजारी पडली, आयत्या वेळी भोंग्याला पुढे ढकललं गेलं, आणि तिने तोंड उघडल्यावर मागच्या बाकावर पेंगणारे आजोबासुद्धा ताठ बसले. त्या दिवशी तिची मान जी वर झाली ती झालीच. देवाचं आपल्या आवाजाशी काहीतरी काम आहे, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात, तसं थोडं झालं होतं खरं. पण त्या वयात नाही व्हायचं तर कधी व्हायचं?

काका पियानो लावायचे. म्हणजे विकायचे नाहीत आणि फारसे वाजवायचेही नाहीत. उतरलेले सूर पुन्हा जागेवर आणायचे. तळमजल्यावर त्यांची कार्यशाळा होती, तिथे सरसाचा, नमद्याचा आणि जुन्या लाकडाचा वास भरून राहिलेला असायचा. शाळा सुटली की भोंगा तिथेच. पियानोच्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकजीव झाल्या तरच कानाला एक सूर लागतो, हे तिला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. काका दोन तारांच्या मध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पाचर खुपसून त्यांना गप्प करायचे, किल्लीने तिसरीची खुंटी केसभर फिरवायचे आणि मग एकेक तार मोकळी करत विचारायचे, आता? ती कान देऊन म्हणायची, अजून लाटा येतायत. दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, की त्यांच्या आवाजात एक हेलकावा येतो. त्याला हे दोघं लाटा म्हणत. लाटा थांबल्या की काम झालं. काकांना मूल नव्हतं, आणि भोंग्याचा कान आपण घडवला असं ते भेटेल त्याला सांगत सुटायचे.

आणि त्याच काकांच्या उजव्या कानाच्या आत, खोलवर, गाठ निघाली.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ वाईट जातीची नाही, पण वाढणारी आहे, आणि वाढली की मेंदूवर रेलणार. काढता येईल. काढताना त्या कानाची ऐकण्याची नस मात्र वाचणार नाही. उजवा कान म्हणजे काकांचा कामाचा कान. डावा, ते म्हणायचे, चष्मा अडकवायला दिलाय. ऑपरेशनचा दिवस ठरला, काकूने पिशवी भरली, आणि घरात सगळे हळू बोलायला लागले. भोंगासुद्धा.

शनिवारच्या दुपारी ती एकटीच चर्चमध्ये गेली. आत चिटपाखरू नव्हतं. पुढच्या उंच खिडकीतून उन्हाची एक पट्टी आली होती आणि तिच्यात धूळ अगदी सावकाश फिरत होती. मोठा पियानो झाकण लावून, कापड घालून, पाय दुमडलेल्या उंटासारखा बसला होता. काकांनी त्याची दुरुस्ती काढली आहे आणि सध्या पियानोशिवाय गायचं आहे, एवढंच मंडळीतल्या सगळ्यांना माहीत होतं, भोंग्यालाही तेवढंच. ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली, कोपर त्याच्या लाकडावर टेकवलं आणि प्रार्थना करायला लागली.

आधी शहाण्यासारखी केली. मग शहाणपण संपलं. ती रडली, भांडली, देवाला म्हणाली की काकांचा कान घेतलास तर त्यांचं उरणार काय, तू कान न घेता बरं करू शकत नाहीस का. शेवटी शब्दच संपले आणि तिच्या तोंडून नुसता एक सूर निघाला, लांबलचक, पोटातून, छत हलवणारा. मग श्वास संपला आणि ती गप्प झाली.

आणि त्या शांततेत उत्तर आलं.

आवाज होता आणि नव्हता. दूर कुठेतरी खूप माणसं मिळून ओठ मिटून गात असावीत, तसा तो हवेतून, लाकडातून, तिच्या कोपरातून येत होता. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ती वळून बघायला घाबरली, मग बघितलं. कुणी नव्हतं. पियानोखाली वाकून बघितलं. पायपट्टीवर कुणाचा पाय नव्हता. आवाज विरत विरत उन्हाच्या पट्टीत मिसळून गेला, आणि तिच्या छातीत कोमट पाण्यासारखी शांती पसरली.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, पियानो वाजला असेल. भोंगा तसं म्हणू शकत नव्हती, कारण तिला पियानो कळत होता. प्रत्येक सुराच्या तारांवर नमद्याची एक छोटी गादी बसलेली असते. पट्टी दाबली किंवा खालच्या पायपट्टीवर पाय दिला, तरच ती उठते. एरवी तार मुकी. वरच्या टोकाच्या बारीक तारांना गाद्या नसतात, पण त्या असा खोल आवाज देणं शक्यच नाही. म्हणजे हा पियानो नव्हता. म्हणजे हा देव होता. दोन अधिक दोन चार इतकं ते सरळ होतं, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाला त्या आवाजात नकार नव्हता हेही सरळच होतं.

घरी जाऊन तिने काकांना सांगितलं की प्रभू माझ्याशी बोलला, तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही. कसा बोलला ते सांगायला तिची जीभ वळेना. इतकी पवित्र गोष्ट, ती का चहाच्या टेबलावर मांडायची? काकांनी विचारलंही नाही. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दुसऱ्या दिवशी उपासनेत तिने उभी राहून साक्ष दिली. आमेनचा असा गजर झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सोमवारी काकांनी दवाखान्यात फोन करून ऑपरेशन रद्द केलं.

मंडळीच्या पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, एक बाई होत्या, उंच, जाड चष्म्याच्या, कामाला वाघ. त्या काकांकडे जाऊन आल्या, डॉक्टरांशी पुन्हा एकदा बोला म्हणाल्या. काकांनी, लेकराच्या तोंडून आलंय बाई, एवढं म्हणून विषय मिटवला. मग पुढच्या रविवारी चर्चमागच्या मोरीत कप धुताना पाळकबाईंनी भोंग्याला गाठलं. काय ऐकलंस असं त्यांनी विचारलं, तेव्हा भोंगा म्हणाली की ते सांगण्यासारखं नाही. बाईंनी मान हलवली, दोन कप विसळले आणि विचारलं, "देवाने तुला असं काही सांगितलंय का गं कधी, जे तुला मुळीच नको होतं?"

भोंग्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ती म्हणाली. "आमचं पटतं."

बाई इतक्या हसल्या की चष्मा ओला झाला. "पटू दे की. पण नेहमीच पटत असेल, तर दोघांपैकी एकच जण बोलतंय का, तेवढं बघ."

हे भोंग्याला झोंबलं. घरी जाताना वाटभर तिने मनातल्या मनात बाईंना चोख उत्तरं दिली. ज्यांना स्वतःला काही ऐकू येत नाही त्यांनाच दुसऱ्यांचं खुपतं, वगैरे वगैरे. उत्तरं चांगली होती, फक्त एकही तिला बाईंसमोर सुचलं नव्हतं.

दिवस गेले. काका आनंदात होते. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करत होते, शीळ घालत होते. पण दारातून जाताना त्यांचा खांदा चौकटीला लागायला लागला. जिना उतरताना ते कठडा धरायचे, आणि कुणी बघतंय असं दिसलं की हात काढून घ्यायचे. एकदा भोंग्याने उजवीकडून हाक मारली तर त्यांनी डावीकडे वळून बघितलं. काकू यावर एक अक्षर बोलली नाही. तिने फक्त दवाखान्यासाठी भरलेली पिशवी रिकामी केली नाही. दाराआड, चपलांच्या शेजारी, ती तशीच फुगलेली उभी होती, आणि येता-जाता भोंग्याची नजर तिच्यावर पडली की पोटात काहीतरी टोचायचं. ही माझ्या श्रद्धेची परीक्षा आहे, असं म्हणून ती पुढे जायची.

एका दुपारी काकांनी तिला शाळेतून परस्पर चर्चमध्ये बोलावलं. पियानोचं काम संपत आलं होतं. बाकावर लाकडी ट्रे ठेवले होते आणि त्यांत नमद्याच्या गाद्या ओळीने मांडल्या होत्या, नव्या, पांढऱ्याशुभ्र, प्रत्येकीच्या पाठीवर तिच्या जागेचा आकडा. जुना नमदा कडक झाला होता म्हणून सगळ्या सोडवून घरी नेल्या होत्या, काका सांगत होते. नवा नमदा चिकटवायला, सुकायला वेळ लागला, मधे हे दवाखान्याचं लचांड आलं, त्यामुळे झाकणाखाली तारा इतके आठवडे उघड्याच राहिल्या. भोंगा ऐकत होती आणि अजून तिला काही कळलं नव्हतं.

"बसवायच्या आधी एक गंमत दाखवतो," काका झाकण उचलत म्हणाले. "असं पुन्हा मिळायचं नाही. आत तोंड घाल, एक सूर लाव जोरात, आणि गप्प बस. बघ काय होतं."

ती वाकली. आत सगळ्या तारा उघड्या होत्या, शेकडो, तिरप्या उन्हात चमकणाऱ्या. तिने सूर लावला आणि थांबली.

तिचाच आवाज परत आला. दूर कुठेतरी खूप माणसं मिळून ओठ मिटून गात असावीत, तसा.

"प्रत्येक तार आपल्या ओळखीचा सूर उचलते," काका खुशीत सांगत होते, "आणि तुला तो परत देते. तुझं तुलाच. गादी नसली की लपवता येत नाही तिला."

भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. कानात नुसता गरम वारा घोंघावत होता. काकांनी मात्र तिच्याकडे बघितलं नव्हतं. ते चष्मा लावून, स्क्रू तोंडात धरून कामाला लागले होते आणि हात मागे करून पहिली गादी मागत होते. तिने ती दिली. मग दुसरी. मग तिसरी. खर्जाकडून सुरुवात झाली होती. काका एकेक गादी तारांवर उतरवत, स्क्रू आवळत, पट्टी दाबून बघत, आणि पुढची मागत.

तिच्या लक्षात आलं की कुणालाही कधीही कळणार नाही. आवाज कसा होता ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. थोड्या वेळात शेवटची गादी बसेल आणि पियानो मुका होईल. आणि लगेच तिच्या डोक्यात एक गोंडस विचार आला. देव पियानोतून बोलू शकत नाही असं कुठे आहे? त्याला काय अशक्य आहे? त्याने तारा वापरल्या, एवढंच. विचार इतका छान होता की तिला पुन्हा ती कोमट शांती जाणवायला लागली, अगदी तीच, छातीत तिथेच. आणि तेव्हा ती खरी घाबरली. ती शांती हाक मारली की येत होती. पाळलेल्या मांजरासारखी.

काकांनी तोल सावरायला पियानोची कड धरायला हात टाकला, आणि हात कडेला लागलाच नाही. ते सावरले, हसले, म्हणाले, पुढची दे.

तिने गादी हातात घेतली, आणि तिचा हात पुढे होईना.

काय झालं ते पुढे तिला कधीच नीट सांगता आलं नाही. आवाज झाला नाही. काटा आला नाही. खिडकीतलं ऊन होतं तिथेच होतं. फक्त तिच्या आत जिथे इतका गोंगाट चालला होता, तिथे त्या गोंगाटाच्या पलीकडे, एक गोष्ट उभी होती. सांग. एवढंच. ती गोष्ट ओरडत नव्हती, समजावत नव्हती, घाबरवत नव्हती. काका वाचतील असं वचन देत नव्हती. तू किती गुणी आहेस असंही म्हणत नव्हती. भोंग्याने तिला तीन-चार चोख उत्तरं दिली आणि ती ऐकून घेऊन तिथेच राहिली, रागावली नाही, हललीही नाही. आणि मग तिला दिसलं की ती गोष्ट काही आज आलेली नाही. पिशवीपाशी ती होती. चपलांपाशी, जिन्यात, काकांनी चुकीच्या बाजूला वळून बघितलं तेव्हा, कपांच्या मोरीतसुद्धा ती होती, इतके दिवस, इतक्या शांतपणे की भोंग्याला तिच्या अंगावर पाय देऊन पुढे जाता आलं होतं. ज्याने डोंगर उभे केले, तो एका शाळकरी पोरीच्या पोटात इतके दिवस न ओरडता थांबला होता. तिचे गुडघे आपोआप वाकले. या वेळी तिने त्यांना वाकायला सांगितलंच नव्हतं.

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक होता की काकांनी दोनदा विचारलं, काय? मग तिने सगळं सांगितलं. शनिवार, रडणं, तो सूर, ते उत्तर, पियानोखाली वाकून बघणं. काकांच्या हातातला स्क्रू कधी पडला ते दोघांनाही कळलं नाही.

काका जमिनीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "तुला गाद्या काढल्यायत हे माहीत नव्हतं?"

तिने मान हलवली.

"म्हणून," ते म्हणाले. "अडाणी असतीस तर वाचली असतीस."

तुम्ही रागावलात का, असं तिने विचारलं.

"हो," काका म्हणाले. "पण तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, ते वेगळं करायला जरा वेळ लागेल." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मी तुला एक शब्द विचारला नाही, बघ. कसं ऐकलंस, कुठे ऐकलंस. तीस वर्षं कानाचं खातोय मी. कानाला एखादी तार सुरात हवी असली ना, की ती बेसूर असली तरी सुरात ऐकू येते. म्हणून दमलो की मी काम बंद करतो. आणि इथे? तू मला हवं होतं तेच आणून दिलंस. दुसरं काही सांगितलं असतंस, तर देवालाच घरी येऊन सांगू दे म्हणालो असतो आणि तुला बाहेर काढलं असतं."

भोंग्याला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. मग तिने विचारलं की आता देव काय म्हणतोय ते कळायचं कसं.

"तुला आता काय म्हणाला?"

"सांग म्हणाला. बाकी काहीच नाही."

"माझ्या बाबतीत?"

"एक शब्द नाही."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठेतरी विरघळत होता आणि त्या जागी काहीतरी असं येत होतं की भोंग्याने नजर खाली घातली. "हा तो असेल," ते अगदी हळू म्हणाले. मग पियानोच्या पायाला धरून उठले. अर्ध्या तारा अजून उघड्याच होत्या. काम अर्धवट टाकून उठलेले काका तिने जन्मात पहिल्यांदाच पाहिले.

घरी काकूने सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. तिने भोंग्याला जवळही घेतलं नाही आणि टोचूनही बोलली नाही. आत गेली, फोन आणून काकांच्या हातात दिला, आणि दाराआडची पिशवी उचलून पलंगावर ठेवली. इतक्या दिवसांत कपड्यांना घडीचा वास लागलाय, एवढंच पुटपुटत तिने ते पुन्हा झटकून भरले.

डॉक्टर फोनवर चांगल्याच तापल्या. नवीन तपासणीत दिसलं की गाठ वाढली आहे. आता चेहरा हलवणाऱ्या नसेलाही ती चिकटली असावी. ते ऐकलं त्या दिवशी भोंगा जेवली नाही. आपल्या एका गोड शनिवारची किंमत दुसऱ्याच्या चेहऱ्यावर लिहिली जाणार, हे तिला गिळवत नव्हतं. तिने देवाकडे शिक्षा मागितली. तीही मिळाली नाही. जे उभं होतं ते तसंच उभं होतं आणि या वेळी ते म्हणत होतं, जिथे उभी राहून बोललीस तिथेच उभी राहून बोल.

रविवारी ती पुन्हा मंडळीसमोर उभी राहिली. मी जे देवाचं म्हणून सांगितलं ते माझंच होतं, ती म्हणाली. मला इतकं हवं होतं की मला दोघांतला फरक ओळखायचाच नव्हता. आमेनचा गजर वगैरे काही झाला नाही. मागच्या बाकावरचे आजोबा शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले की हल्लीच्या पोरांचा विश्वास म्हणजे उन्हातलं बर्फ. कुणीतरी खोकलं. पाळकबाई उठून तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि मग सगळ्यांना घेऊन काकांसाठी प्रार्थना केली. तिच्यात वचनं नव्हती, नुसती मागणी होती. भोंग्याला वाटलं, इतकी उघडी प्रार्थना आपण कधी ऐकलीच नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी ती आणि काकू दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बसल्या. हिरवट भिंती, चाकांच्या खुर्च्या, फिनाईलचा वास. भोंग्याने डोळे मिटले आणि नेहमीच्या जागी बघितलं, कोमट काही आहे का. नव्हतं. भीतीसुद्धा धड नव्हती. रिकामी खोली असावी तसं होतं. पूर्वी ती अशा वेळी घाबरली असती, देव गेला म्हणून धावत सुटली असती, गाणं म्हणून, रडून त्याला ओढून आणलं असतं. आज तिने काहीच आणलं नाही. ती त्या रिकाम्या खोलीत बसून राहिली.

आणि हळूहळू तिला कळायला लागलं की खोली रिकामी नाही. तिला काही जाणवत होतं असं नव्हे. हीच तर गंमत होती. तिला काहीही जाणवत नव्हतं आणि तरी तो होता, तिच्या जाणवण्याच्या भरवशावर नसलेला. तिच्या आवाजाने येत नव्हता, तिच्या गप्प बसण्याने जात नव्हता. काका वाचले तरी असणार होता आणि नाही वाचले तरी. एवढा मोठा, आणि आपण त्याला आपल्या छातीतल्या उबेएवढा समजत होतो. तिने डोळे उघडले. समोरून एक नर्स चादरींचा ढीग घेऊन जात होती, आणि ती साधी बाई, तिच्या त्या करकरणाऱ्या चपला, तो ढीग, सगळं भोंग्याला असं दिसलं की तिला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही.

"काय गं?" काकूने विचारलं.

"काही नाही," भोंगा म्हणाली, आणि खरंच तसंच होतं.

दुपार कलताना डॉक्टर बाहेर आल्या. गाठ पूर्ण निघाली. जीव वाचला. कान गेला. चेहऱ्याची नस वाचवली आहे, पण ती दुखावली आहे. उजवी बाजू काही महिने ओढल्यासारखी राहील, कदाचित थोडी कायमची. काकू खाली बसली आणि तिने पदरात तोंड लपवून पहिल्यांदा मोठ्याने रडून घेतलं.

संध्याकाळी दोघींना आत सोडलं. काकांचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं, आणि त्यांचं तोंड एका बाजूला किंचित उतरलेलं होतं. भोंगा पलंगापाशी गेली आणि काका म्हणाली. त्यांनी वळून बघितलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग तिच्या लक्षात आलं, ती उजव्या बाजूला उभी होती. पलंगाला वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला गेली.

काकांनी तिला पाहिलं. त्यांचे शब्द ओठांच्या कोपऱ्यातून वाकडे होऊन निघत होते. "देव काही म्हणाला का?"

"नाही," ती त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाली. "पण होता."

काकांनी डोळे मिटले. उजव्या डोळ्याची पापणी पुरती मिटली नाही, तिच्याखाली पांढरी रेघ दिसत राहिली. मग त्यांनी तिचा हात चाचपून धरला आणि म्हणाले, "इथेही."